इको रिपोर्टमधला शेवटचा आकडा: फुप्फुसातला दाब मशीनला कसा कळतो?

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग एका आकड्याबद्दल आहे. तुमच्या घरात कुणाचा टू-डी इको झाला असेल तर फाइल काढून बघा. दोन पानांचा रिपोर्ट असतो. झडपा, कप्पे, पंपिंग किती टक्के, आणि खाली कुठेतरी एक ओळ: ‘पीएएसपी ४५’. कधी त्याला ‘आरव्हीएसपी’ म्हणतात. पुढे कंसात ‘माइल्ड पीएच’ किंवा ‘मॉडरेट पीएच’. पीएच म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शन, आपण त्याला फुप्फुसातला वाढलेला रक्तदाब म्हणू.

घरी रिपोर्ट आला की ही ओळ कुणीतरी गुगल करतं आणि मग घरात त्या रात्री कुणी नीट झोपत नाही. किंवा उलट होतं. आकडा ‘नॉर्मल’ आला की दम लागणाऱ्या माणसाला सांगितलं जातं, काही नाही, वजन कमी करा. आज आपल्याला बघायचंय की हा आकडा येतो कुठून, आणि त्याच्यावर किती भार टाकायचा.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी बी.टेक. केलंय, सॉफ्टवेअर लिहितो, आणि गेली काही वर्षं माझं काम इकोच्या चित्रांवर मापं घेणाऱ्या सॉफ्टवेअरशी संबंधित आहे. त्यामुळे औषध कुठलं घ्यावं हे मी सांगणार नाही. पण तो आकडा स्क्रीनवर कसा तयार होतो, हे मी रोज बघतो. तेवढ्या अधिकाराने बोलतो.

आधी थोडं प्लंबिंग

हृदयाला दोन पंप आहेत, हे शाळेत शिकलोय. डावा पंप रक्त सगळ्या शरीरात ढकलतो. उजवा पंप तेवढंच रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसात ढकलतो. डाव्या बाजूचा दाब आपल्याला माहीत आहे, १२० वर ८०. उजव्या बाजूला फुप्फुसाच्या धमनीत वरचा दाब साधारण २५ च्या आत असतो आणि सरासरी दाब १४ च्या आसपास. म्हणजे रक्त तेवढंच, पण दाब खूप कमी. कारण फुप्फुसातल्या नळ्या रुंद, मऊ आणि भरपूर असतात.

म्हणून उजव्या खालच्या कप्प्याची भिंत पातळ असते. तो कप्पा कमी दाबावर भरपूर रक्त वाहून नेण्यासाठी बनलाय. फुप्फुसातला दाब वाढला की त्याला सवय नसलेलं काम करावं लागतं. आधी तो जाड होतो, मग पसरतो, मग थकतो. जिना चढताना दम, पायावर सूज, चक्कर, कधी शुद्ध हरपणं, ही त्याची लक्षणं. आणि ही लक्षणं ॲनिमियाची, वजनाची, दम्याची, वयाची म्हणूनही खपून जातात. त्यामुळे हा आजार उशिरा सापडतो.

पूर्वी सरासरी दाब २५ किंवा जास्त असेल तर पल्मनरी हायपरटेन्शन म्हणायचे. २०१८ च्या जागतिक परिषदेत ही रेषा २० च्या वर अशी खाली आणायचं सुचवलं गेलं, आणि २०२२ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांनी ती स्वीकारली. इथे एक शब्द नीट ऐका: ‘सरासरी’. आणि ही सरासरी मोजायची कशी? शिरेतून बारीक नळी सरकवत उजव्या हृदयातून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत न्यायची आणि तिथे प्रत्यक्ष दाब वाचायचा. याला राइट हार्ट कॅथेटरायझेशन म्हणतात. १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने अशी नळी स्वतःच्याच दंडातून हृदयापर्यंत घातली आणि तसाच चालत एक्स-रे काढायला गेला. १९५६ मध्ये त्याला कूर्नां आणि रिचर्ड्स यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

तर आजाराची व्याख्या त्या नळीवर उभी आहे. इकोमध्ये नळी नसते. छातीवर जेल लावून प्रोब टेकवतात, बस. मग रिपोर्टवर दाब कुठून आला?

गळतीतून दाब

बागेत पाणी घालायचा पाइप घ्या. तोंडावर अंगठा दाबला की पाण्याची चिळकांडी लांब जाते. नळ अजून सोडला की अजून जोरात. म्हणजे चिळकांडीचा वेग बघून आतल्या दाबाचा अंदाज बांधता येतो. प्रेशर गेज लावायची गरज नाही.

हृदयात अशी चिळकांडी असते. उजव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामध्ये त्रिदल झडप असते, ट्रायकस्पिड. खालचा कप्पा आकुंचन पावला की ती बंद होते, पण पूर्ण घट्ट नाही. अगदी धडधाकट माणसातही बऱ्याचदा थोडं रक्त मागे गळतं. रिपोर्टमध्ये ‘ट्रिव्हियल टीआर’ किंवा ‘माइल्ड टीआर’ लिहिलेलं असतं ते हेच. बहुतेक वेळा तो आजार नसतो, आपल्यासाठी तर ती सोय आहे. कारण त्या गळतीचा वेग खालच्या आणि वरच्या कप्प्यातल्या दाबाच्या फरकावर ठरतो.

सूत्र असं: दाबातला फरक = ४ × वेगाचा वर्ग. वेग मीटर प्रति सेकंदात टाकायचा, उत्तर पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. हे चार कुठून आले? इंजिनिअरिंगवाल्यांनी हे करून बघा. बर्नुलीचं समीकरण, अर्धी घनता गुणिले वेगाचा वर्ग. रक्ताची घनता घनमीटरला साधारण १,०६० किलो, तिचं अर्धं ५३०. एक मिलिमीटर पारा म्हणजे १३३ पास्कल. ५३० भागिले १३३, उत्तर जवळजवळ चार. बाकी घर्षण वगैरे पदं लहान म्हणून सोडून दिली.

नॉर्वेतल्या ट्रोनहाइमच्या लिव्ह हाटले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये हे सूत्र डॉपलरसोबत डाव्या बाजूच्या, अरुंद झालेल्या मिट्रल झडपेसाठी वापरून दाखवलं. १९८४ मध्ये अमेरिकेत यॉक आणि पॉप या दोघांनी तेच त्रिदल झडपेच्या गळतीवर लावलं. आज आपल्या तालुक्याच्या गावात निघणारा ‘पीएएसपी’ त्याच वाटेने येतो.

उदाहरण घेऊ. गळतीचा वेग ३ मीटर प्रति सेकंद. वर्ग ९, चौकी छत्तीस. म्हणजे खालच्या कप्प्यातला दाब वरच्या कप्प्यापेक्षा ३६ ने जास्त. आता वरच्या कप्प्यातला दाब त्यात मिळवायचा. तो मिळवला की उजव्या खालच्या कप्प्यातला दाब आला. आणि फुप्फुसाच्या तोंडाची झडप अरुंद नसेल तर तोच फुप्फुसाच्या धमनीतला वरचा दाब, म्हणजे पीएएसपी.

वेग मोजायचा कसा

हा माझ्या आवडीचा भाग आहे, दोन मिनिटं सहन करा.

प्रोबमधून सेकंदाला समजा २५ लाख कंपनांचा आवाज जातो. धावणाऱ्या रक्तपेशींवर आपटून परत येतो तेव्हा कंपनसंख्या थोडी बदललेली असते. जवळ येणाऱ्या रेल्वेच्या शिट्टीसारखं. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला १,५४० मीटर धरतात. रक्त सेकंदाला ३ मीटर वेगाने धावत असेल तर फरक येतो साधारण ९,७०० हर्ट्झ. आणि हा फरक माणसाच्या कानाला ऐकू येतो! इको करताना खोलीत तो ‘फुस्स फुस्स’ आवाज येतो ना, तो रक्ताचा आवाज नसतो, हा फरक स्पीकरवर सोडलेला असतो.

आता अडचण. एका ठरावीक खोलीवरचा वेग मोजायचा तर एक ठोका सोडायचा, तो परत येईपर्यंत थांबायचं, मग दुसरा. झडप १५ सेंटिमीटर खोल असेल तर जाऊन-येऊन ३० सेंटिमीटर. म्हणजे सेकंदाला जेमतेम ५,१०० ठोके. पण ९,७०० हर्ट्झचा सिग्नल बरोबर पकडायला निदान त्याच्या दुप्पट नमुने लागतात, १९,४०० च्या वर. नाहीतर जुन्या सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं, तसं होतं. वेग चुकीचा, कधी दिशाही चुकीची.

म्हणून इथे दुसरी पद्धत वापरतात. प्रोबचा एक भाग सतत आवाज सोडत राहतो, दुसरा सतत ऐकत राहतो. कितीही वेग पकडता येतो. बदल्यात एक गोष्ट सोडून द्यावी लागते: हा वेग कुठल्या खोलीवरचा, हे मशीनला कळत नाही. त्या रेषेत जे जे धावतंय ते सगळं एकत्र येतं. मग टेक्निशियन किंवा डॉक्टर रंगीत चित्रावरून ठरवतात की ही रेष गळतीतूनच गेली आहे. स्क्रीनवर खालच्या बाजूला घुमटासारखे पांढरे आकार उमटतात. घुमटाच्या टोकावर कर्सर ठेवतात. क्लिक. झाला तुमचा वेग.

म्हणजे बघा, सगळा आकडा त्या एका क्लिकवर आहे.

आकडा कुठे कुठे घसरतो

पहिलं, कोन. प्रोबची रेष आणि रक्ताची धार एका ओळीत असली पाहिजे. खरा वेग ४ असेल तर दाबाचा फरक ६४ यायला हवा. रेष २० अंशांनी तिरकी गेली तर वेग दिसतो ३.७६ आणि उत्तर येतं ५६ च्या वर थोडं. ३० अंशांनी गेली तर ४८. ६४ चे ४८ झाले, रुग्ण मात्र तोच. म्हणून चांगला तपासणारा एकाच जागेवरून मोजून थांबत नाही. तीन-चार ठिकाणांहून बघतो आणि सगळ्यात जास्त, स्वच्छ वेग घेतो. कोनाची चूक नेहमी कमीच दाखवते, जास्त कधीच नाही.

दुसरं, वर्ग. वेगातली लहान चूक वर्ग केल्यावर दुप्पट होते. घुमटाची कड पुसट असेल आणि धुरकट झालरीवर कर्सर ठेवला तर आकडा फुगतो. मध्येच ठेवला तर दबतो.

तिसरं, ती मिळवणी. वरच्या कप्प्यातला दाब मोजलेला नसतो, तो ठरवलेला असतो. पोटाकडून येणारी मोठी शीर, आयव्हीसी, बघतात. ती २.१ सेंटिमीटरपर्यंत असेल आणि झटकन नाकाने श्वास ओढल्यावर अर्ध्याहून जास्त आकसत असेल तर ३ मिळवायचे. जाड असेल आणि अर्धीही आकसत नसेल तर १५. मधलं काही असेल तर ८. आता आपला मघाचा ३६ घ्या. एका ठिकाणी ३ मिळवले, उत्तर ३९. दुसऱ्या ठिकाणी १५ मिळवले, उत्तर ५१. वेग तोच! एका रिपोर्टवर ‘माइल्ड’ आणि दुसऱ्यावर ‘मॉडरेट’ येऊ शकतं. म्हणूनच नव्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, मुख्य आधार म्हणून वेगच वापरा, मिळवणी केलेला आकडा नको.

चौथं सगळ्यात वाईट. आजार फार पुढे गेला, उजवा कप्पा थकला, तर त्याच्यात जोर उरत नाही. मग धारेचा वेग कमी होतो. त्रिदल झडप पूर्ण उघडीच राहायला लागली तर दोन्ही कप्पे जवळजवळ एकच होतात, तेव्हाही सूत्र कमी दाखवतं. म्हणजे कागदावर दाब उतरलेला दिसतो आणि माणूस मात्र खालावत असतो. घरचे म्हणतात, आकडा ७० वरून ५० वर आला, बरं झालं. कदाचित बरं झालं असेल. कदाचित पंपच दमला असेल. नुसत्या आकड्यावरून दोन्हीतला फरक कळत नाही.

पाचवं, गळतीच नसणं. काही जणांत धार मिळतच नाही. मग रिपोर्टवर कधी कधी छापलं जातं ‘नो टीआर, नो पीएच’. हे तर्कात बसत नाही. गळती नाही याचा अर्थ आपल्याकडे मोजपट्टी नाही, एवढाच. दाब आहे की नाही, ते वेगळं. अशा वेळी सलाइन हातानेच घुसळून बारीक बुडबुड्यांसह शिरेतून देतात, त्याने धार ठळक होते.

मग हे सगळं मिळून किती चुकतं? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ६५ रुग्ण, नळीची तपासणी झाली त्याच्या तासाभरात इको. सगळ्यांची सरासरी काढली तर चूक जवळजवळ शून्य. छान वाटतं ना? पण एकेक रुग्ण घेतला तर ४८ टक्के जणांत इकोचा आकडा नळीच्या आकड्यापेक्षा १० मिलिमीटरहून जास्त हुकला होता, कुणात वर, कुणात खाली. आमच्या भाषेत सांगायचं तर नेम मध्यावर आहे, पण गोळ्या सगळ्या फलकभर. शंभर लोकांचा अभ्यास करायला हे चालतं. तुमच्या आईच्या एका रिपोर्टवर निर्णय घ्यायला हे जपून वापरावं लागतं.

मग इको कशाला करायचा?

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, मग हे मशीन बंदच करा. तसं नाही. इको छातीला भोक न पाडता, किरण न देता, वीस-तीस मिनिटांत होतो. आणि त्यात त्या एका आकड्याखेरीज कितीतरी दिसतं. खरी माहिती बाकीच्या चित्रात आहे.

२०२२ च्या सूचनांनुसार इकोने ‘आजार आहे’ किंवा ‘नाही’ असं सांगायचं नसतं. ‘शक्यता’ सांगायची: कमी, मध्यम, जास्त. वेग २.८ पर्यंत किंवा मिळालाच नाही, आणि बाकी खुणा नाहीत, तर शक्यता कमी. तोच वेग, पण बाकी खुणा आहेत, तर मध्यम. २.९ ते ३.४, खुणा नाहीत, तर मध्यम. खुणा आहेत, तर जास्त. ३.४ च्या वर, तर जास्तच. एवढंच कोष्टक आहे.

आणि या ‘बाकी खुणा’ म्हणजे काय? तीन जागी शोधायच्या. त्यातल्या निदान दोन जागी सापडायला हव्यात.

पहिली जागा, खालचे दोन कप्पे. उजवा कप्पा तळाशी डाव्यापेक्षा रुंद झालाय का? मधली भिंत कशी दिसते? आडवा छेद घेतला तर डावा कप्पा पूर्ण गोल दिसायला हवा, भाकरीसारखा. उजवीकडचा दाब वाढला की मधली भिंत सपाट होते आणि तो गोल इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा दिसतो. हे चित्र एकदा बघितलं की सामान्य माणूसही ओळखू शकतो. शिवाय उजवा कप्पा आकुंचन पावताना झडपेची कड किती मिलिमीटर खाली येते तेही मोजतात, त्याला टॅपसी म्हणतात. १७ च्या खाली गेलं की पंप कमजोर. हा टॅपसी पीएएसपीने भागून एक गुणोत्तर काढतात. दाब किती आणि तो झेलणारा पंप किती दमदार, हे त्यातून एकत्र कळतं.

दुसरी जागा, फुप्फुसाची धमनी. रक्त धमनीत शिरताना वेग टोकाला पोचायला किती वेळ लागतो, ते बघतात. नळ्या मऊ असतील तर तो सावकाश चढतो. कडक असतील तर पटकन टोक गाठतो आणि पटकन पडतो. १०५ मिलिसेकंदांपेक्षा कमी असेल तर खूण. कधी मध्येच खाच पडते, कारण पुढच्या अडथळ्यावर आपटून लाट परत येते. ही खूण मला फार आवडते, कारण तिला त्रिदल झडपेच्या गळतीची गरजच नाही.

तिसरी जागा, वरचा उजवा कप्पा आणि ती मोठी शीर. कप्पा १८ चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठा, शीर फुगलेली आणि श्वासासोबत पुरेशी न आकसणारी.

आता लक्षात घ्या. वेगाचा एक क्लिक हुकू शकतो. पण वेग, भिंत, धमनी, शीर, हे सगळे एकाच दिशेला एकाच वेळी हुकणं अवघड आहे.

आकडा तोच, कहाणी वेगळी

दाब वाढलाय एवढं कळलं तरी अर्धंच काम झालं. का वाढलाय? डॉक्टर याचे पाच गट करतात. जगात सगळ्यात जास्त रुग्ण डाव्या हृदयाच्या आजाराचे असतात. म्हणजे दोष फुप्फुसात नसतोच. डावीकडे तुंबलं की पाणी मागे चढतं. मोरी तुंबल्यावर वरच्या मजल्याचं पाणी उतरत नाही, तसं.

माझ्या मावशीचं सांगतो, तिची परवानगी घेतली आहे. वय ५२, गाव कोल्हापूर जिल्ह्यात. दोन वर्षं दम लागायचा. दोन ठिकाणी तीन इको झाले. पीएएसपी ४२, मग ५८, मग ४६. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे तीन आकडे शेअर बाजारासारखे फिरत होते. मधला ५८ आला तेव्हा एका ठिकाणी तिला फुप्फुसाच्या नळ्या रुंद करणारी महाग गोळी सुचवली गेली.

मी रिपोर्ट मागवले ते मला वाचता येतात म्हणून नाही, फॉरमॅट ओळखीचा होता म्हणून. तिन्ही रिपोर्टवर वरून चौथ्या ओळीत एकच गोष्ट होती: मिट्रल झडप जाड, हालचाल कमी, डावा वरचा कप्पा मोठा. तिसऱ्यात तर झडपेचं तोंड साधारण १ चौरस सेंटिमीटर असंही लिहिलं होतं. निरोगी माणसात ते ४ ते ६ असतं. लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेला की वर्षानुवर्षांनी अशी झडप चिकटते. आपल्याकडे हे अजूनही कमी नाही, विशेषतः बायकांत. म्हणजे दाबाचं कारण त्याच कागदावर होतं, आणि आम्ही सगळे शेवटच्या ओळीकडे बघत बसलो होतो.

पुण्यातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी पहिल्यांदा विचारलं, ‘मावशी, लहानपणी सांधे सुजले होते का?’ पीएएसपीचा विषय त्यांनी दहा मिनिटांनंतर काढला. फुग्याने झडप उघडली. मांडीच्या शिरेतून नळी जाते, ऑपरेशनची चीरफाड नाही. दाब आपोआप उतरला, कारण मोरी मोकळी झाली. ती महाग गोळी कधी सुरूच झाली नाही, आणि ते बरं झालं. डावी बाजू तुंबलेली असताना फुप्फुसाच्या नळ्या उघडल्या तर जास्त रक्त पुढे ढकललं जातं, डावीकडे ते सामावत नाही, आणि फुप्फुसात पाणी साचू शकतं. युरोपियन सूचनांमध्ये डाव्या हृदयाच्या आजारामुळे आलेल्या दाबासाठी ही औषधं वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय.

आता दुसरं टोक बघा. समजा तिशीतली बाई आहे. बाळंतपणानंतर दम लागतो. डावी बाजू एकदम छान. डावा वरचा कप्पा लहान, मिट्रल झडप स्वच्छ. पण उजवा कप्पा मोठा, मधली भिंत सपाट, धमनीत खाच. पीएएसपी पुन्हा ५०, अगदी मावशीसारखाच. इथे तुंबलेलं डावीकडे नाही, नळ्यांमध्येच काहीतरी आहे. हिला थांबून चालत नाही. पुढच्या तपासण्या, नळीची तपासणी, आणि या आजाराचं काम करणाऱ्या केंद्राकडे जाणं गरजेचं. अशा रुग्णाला ती औषधं खरंच आयुष्य देतात.

आणि एक तिसरा प्रकार, जो निसटता कामा नये. फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या जाऊन त्या विरघळल्याच नाहीत. कधी पायात गुठळी झाली होती, कधी कळलंच नाही. यासाठी फुप्फुसाचा व्हेंटिलेशन-परफ्युजन स्कॅन करतात. हे महत्त्वाचं कारण काही जणांत ऑपरेशन करून त्या जुन्या गुठळ्या सोलून काढता येतात, आणि दाब जवळपास नॉर्मलवर येऊ शकतो. पल्मनरी हायपरटेन्शनमध्ये असं मुळापासून बरं होणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. म्हणून डॉक्टर तो स्कॅन सांगतात तेव्हा ‘अजून एक टेस्ट’ म्हणून टाळू नका.

रिपोर्ट हातात आल्यावर

तर घरी काय करायचं? चार गोष्टी सांगतो.

एक, पीएएसपीच्या शेजारी वेग लिहिलाय का ते बघा. ‘टीआर व्हेलॉसिटी’ किंवा ‘टीआर व्हीमॅक्स’ अशी ओळ असते. दोन रिपोर्टची तुलना करायची तर वेगांची करा.

दोन, उजव्या कप्प्याबद्दल काही लिहिलंय का? आकार, टॅपसी, मधली भिंत. काहीच नसेल तर डॉक्टरांना नम्रपणे विचारा, ‘सर, उजवी बाजू कशी आहे?’ एवढा एकच प्रश्न पुरतो.

तीन, डावी बाजू. डावा वरचा कप्पा, मिट्रल झडप. कारण तिथे सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

चार, इको कोणत्या अवस्थेत झाला. ताप होता, हिमोग्लोबिन सात होतं, अंगावर सूज होती, तर आकडा चढू शकतो. लघवीच्या गोळ्यांनी पाणी उतरल्यावर तोच आकडा उतरू शकतो. आणि वयाबरोबर तो थोडा वाढतोच. सत्तरीच्या आजोबांचा ३८ आणि पंचविशीतल्या मुलीचा ३८ एकच नव्हे.

आणि उलट बाजूही लक्षात ठेवा. आकडा नॉर्मल आहे, पण जिना चढताना दम वाढतच चाललाय, चक्कर येते, पाय सुजतात, तर ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून गप्प बसू नका. पुन्हा दाखवा.

शेवटी आमच्या बिरादरीबद्दल

आता घुमटाचं टोक आपोआप शोधणारी सॉफ्टवेअर येत आहेत. चांगली गोष्ट आहे. थकलेल्या टेक्निशियनपेक्षा प्रोग्राम दर वेळी सारखंच मोजतो. पण सारखं मोजणं म्हणजे बरोबर मोजणं नाही. रेष तिरकी गेली असेल तर प्रोग्राम तो चुकीचा घुमटही अगदी नीट, सुबक मोजतो. शिवाय स्क्रीनवर ‘४६.३’ असं दशांशासकट दाखवतो, आणि त्या दशांशाने माणसाला फार खात्री वाटते. आमच्या कामात मी एकाच गोष्टीसाठी भांडतो: आकड्याशेजारी सिग्नल किती स्वच्छ होता ते दाखवा, आणि मिळवणी किती केली ते वेगळं दाखवा. ३६ मोजले आणि १० धरले, असं लिहायला एक ओळ जास्त लागते. पण ती ओळ वाचणाऱ्याला सांगते की यातला कुठला भाग मोजमाप आणि कुठला अंदाज.

१९५३ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे एडलर हा डॉक्टर आणि हर्ट्स हा भौतिकशास्त्रज्ञ, या दोघांनी धातूमधल्या भेगा शोधायचं यंत्र हृदयावर लावून बघितलं. तिथून आपण इथवर आलो, छातीला न टोचता फुप्फुसातल्या दाबाचा अंदाज बांधण्यापर्यंत. हा फार मोठा पल्ला आहे. फक्त तो अंदाज आहे हे विसरू नये. तो अंदाज पुढची वाट दाखवतो. ती वाट डॉक्टरांबरोबर चालायची.

तुमच्याकडे याबद्दल काही प्रश्न असतील तर जरूर कळवा. रिपोर्टचे फोटो मात्र मला पाठवू नका, ते तुमच्या डॉक्टरांनाच दाखवा. पुढच्या भागात बोलू पल्स ऑक्सिमीटरबद्दल, बोटातून ऑक्सिजन कसा कळतो त्याबद्दल. तोवर काळजी घ्या, आणि घरातल्या कुणाला जिना चढताना दम लागत असेल तर या आठवड्यात त्यांना दवाखान्यात घेऊन जा. नमस्कार.